उद्याच्या गल्ल्यावर आजची उचल

बागाईतदारांना एक व्यवहार चांगला ठाऊक आहे. आंब्याची किंवा डाळिंबाची बाग फुलोऱ्यावर असते. फळ अजून धरायचे असते. व्यापारी येतो, बाग बघतो आणि सगळी बाग एका आकड्याला घेऊन टाकतो. पैसे आज, माल पुढे. मग गारपीट झाली तर नुकसान कोणाचे? व्यापाऱ्याचे. त्याने जोखीम विकत घेतली. म्हणून त्याने भाव पाडून मागितला, तरी आपण समजून घेतो.

आता समजा, त्याच व्यापाऱ्याने कागदात असे लिहून घेतले : "गारपीट झाली, बाग जळाली, तरी ठरलेले पैसे मालकाने मला द्यावेत. न दिल्यास घर आणि बैलजोडी माझी." मग ही खरेदी राहिली काय? नाही. हे सावकारी कर्ज झाले. कागदावर 'खरेदीखत' लिहिले म्हणून कर्जाची खरेदी होत नाही.

हा फरक नीट ध्यानात घ्या. या एका फरकावर अमेरिकेत मोठमोठे दावे उभे राहिले आहेत. दावे लावणारे लोक आपल्यासारखेच. कोणी पाव-बिस्किटाचे दुकानदार, कोणी गॅरेजवाले, कोणी खानावळवाले. आज आपण त्यांची हकीकत वाचू या. ती आपल्याही उपयोगी पडणारी आहे.

हा धंदा काय आहे?

अमेरिकेत लहान दुकानदाराला बँकेचे कर्ज सहज मिळत नाही. बँक तारण मागते, जुने हिशेब मागते, महिनोन्‌महिने थांबवते. दुकानदाराची भट्टी तर आजच बिघडलेली असते. अशा वेळी काही कंपन्या पुढे येतात. त्या म्हणतात, "आम्ही एका दिवसात पैसे देतो. हे कर्ज नव्हे. तुमच्या दुकानात पुढे जो गल्ला जमेल, त्याचा काही हिस्सा आम्ही आजच विकत घेतो." या व्यवहाराला तिकडे 'मर्चंट कॅश अॅडव्हान्स' म्हणतात. आपण त्याला 'गल्ल्यावरची उचल' म्हणू.

उचल हा शब्द आपल्याकडे नवा नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडतात. तिकडचा दुकानदार कष्टाऐवजी आपला गल्ला बांधून देतो. कंपनी रोज त्याच्या बँकेच्या खात्यातून ठरलेली रक्कम परस्पर काढून घेते. सोमवार ते शुक्रवार, दर दिवशी.

आता थोडे गणित

शाळेत आम्ही मुलांना व्याजाची गणिते घालीत असू, तेव्हा एक गोष्ट नेहमी सांगत असू. आकडा तोंडी ऐकून मान डोलवू नका, पाटीवर मांडा. इथेही तसेच करू.

समजा, एका बाईची बेकरी आहे. तिला १०,००० डॉलरची उचल मिळाली. डॉलर हे अमेरिकेचे नाणे. करारात लिहिले आहे की, तिने गल्ल्यातले १४,००० डॉलर विकले. रोज १४० डॉलर कापायचे, शंभर दिवस. 'फी' म्हणून ५०० डॉलर आधीच कापले. म्हणजे तिच्या हातात आले ९,५००. ती देणार १४,०००. वरचे झाले ४,५००.

दलाल तिला म्हणतो, "बाई, शंभराला चाळीसच तर जास्त द्यायचे आहेत."

चाळीस म्हणजे वर्षाला चाळीस, असे बाईला वाटते. इथेच फसगत होते. तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, हाती आले ९,५००. दहा हजार नव्हेत.

दुसरी गोष्ट, मुदत वर्षाची नाही. आठवड्याचे पाच दिवस धरले तर शंभर दिवस म्हणजे वीस आठवडे. पाच महिनेसुद्धा पुरते नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सगळे पैसे सबंध मुदतभर तिच्याजवळ नसतात. पहिल्याच दिवसापासून ते परत जाऊ लागतात. पन्नासाव्या दिवशी तिचे ७,००० गेलेले असतात. म्हणजे सरासरीने पाहिले तर मुद्दलाचे निम्मेच पैसे, सुमारे ४,७५०, तिने वापरले. तेवढ्यासाठी तिने ४,५०० मोजले, तेही वीस आठवड्यांत.

वर्षाचे आठवडे ५२. हिशेब केला तर हा दर वर्षाला शेकडा २०० च्या वर जातो. 'चाळीस' कुठे आणि 'दोनशे' कुठे!

विक्री चांगली चालली तर बाई कसेबसे फेडते. पण एखाद्या महिन्यात गिऱ्हाईक आटले तर? रोजचे १४० कापणे थांबत नाही. मग मैदा आणायला पैसे उरत नाहीत. नोकरांचा पगार राहतो. मग ती दुसरी उचल घेते, पहिली फेडायला. त्यावर तिसरी. एकावर एक उतरंड चढत जाते. गाडग्यांच्या उतरंडीचे काय होते, ते सांगायला नको.

दलालाचे काम

पुष्कळदा कंपनी आणि दुकानदार यांच्या मधे दलाल असतो. तो दूरध्वनी करतो, कागद गोळा करतो, गाठ घालून देतो. त्याला दलाली मिळते ती उचल किती मोठी, यावर. दुकानदार फेडू शकेल की नाही, यावर मिळत नाही. म्हणून दलालाचा फायदा आणि दुकानदाराचा फायदा हे दर वेळी एका वाटेने चालत नाहीत.

सगळेच दलाल लबाड असतात, असे आम्ही म्हणत नाही. पण दाव्यांत काही तक्रारी पुन:पुन्हा येतात. "तोंडाने एक सांगितले, कागदात दुसरेच निघाले." "विक्री कमी झाली की हप्ता कमी होईल म्हणाले, मागितला तेव्हा कोणी दाद दिली नाही." "आधी ही लहान उचल घ्या, मग मोठे स्वस्त कर्ज देतो म्हणाले, ते कर्ज आलेच नाही."

तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. कागदावरचा शब्द न्यायालयात जातो.

लढाईआधीच हरल्याची सही

या व्यवहारात एक भयंकर कागद असे. त्याचा अर्थ असा : "माझ्यावर दावा झाला तर मी हरलो, हे मी आजच कबूल करतो." उचल घेतानाच दुकानदाराची त्यावर सही घेत. पुढे हप्ता चुकला, किंवा चुकला असे कंपनीने म्हटले, की कंपनी तो कागद न्यायालयाच्या कचेरीत नेऊन देई. नोटीस नाही, सुनावणी नाही, साक्षीपुरावा नाही. थेट हुकूमनामा! दुकानदाराला कळे ते बँकेत खाते गोठल्यावरच.

न्यूयॉर्क राज्यातल्या कचेऱ्यांत असे कागद फार दाखल होत. सही करणारे दुकानदार मात्र दूरदूरच्या राज्यांतले असत. २०१८ मध्ये वृत्तपत्रांनी याचा बोभाटा केला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कने कायदा बदलला आणि बाहेरच्या राज्यांतल्या लोकांविरुद्ध असे कबुलीनामे दाखल करणे बंद केले.

न्यायालयाचे तीन प्रश्न

आता कायद्याकडे वळू. न्यूयॉर्क राज्यात लहान कर्जांवर वर्षाला शेकडा २५ पेक्षा जास्त व्याज जाणूनबुजून घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. मग शेकडा दोनशे घेणाऱ्या कंपन्या कशा चालल्या? त्यांचे उत्तर तयार असते : "व्याजाचा कायदा कर्जाला लागू. आमची तर खरेदी आहे."

म्हणून न्यायाधीशांना कागदाचे नाव सोडून पोटात शिरावे लागते. न्यूयॉर्कच्या एका अपील न्यायालयाने २०२० साली तीन प्रश्न मांडले. तसे प्रश्न आधीही विचारले जात होतेच.

१. विक्री घटली तर रोजचा हप्ता खरोखर घटतो काय?

२. फेडीची मुदत पक्की ठरलेली आहे काय? खरी खरेदी असेल तर गल्ला सावकाश जमला की पैसेही सावकाश येणार. मग पक्की मुदत कशी?

३. दुकानाचे दिवाळे निघाले तरी मालकाच्या मानगुटीवर बसता येते काय?

हप्ता घटत नाही, मुदत पक्की आहे, दिवाळे निघाले तरी सुटका नाही, अशी उत्तरे आली तर ते कर्ज. मग त्याला व्याजाचा कायदा लागला. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने एका कर्जाच्या खटल्यात निकाल दिला. फौजदारी हद्द ओलांडणाऱ्या व्याजाचे कर्ज मुळापासूनच रद्दबातल धरावे, असे त्यात ठरले. नुसते व्याज बुडत नाही, करारच उभा राहत नाही.

आपल्या बागेच्या गोष्टीत हेच तीन प्रश्न आहेत, बघा. गारपिटीचे नुकसान कोणाचे, हा प्रश्न आपला शेतकरी कधीपासून विचारीत आलेला आहे.

एकट्याचा दावा आणि साऱ्यांचा दावा

तुम्ही म्हणाल, "मग प्रत्येकाने न्यायालयात जावे. एवढी अडचण कशाची?"

अडचण खर्चाची. समजा, बेकरीवाल्या बाईचे ४,५०० डॉलर जादा गेले. वकील तिला त्याहून जास्त फी सांगतो. मग ती कपाळाला हात लावून घरी बसते. तिच्यासारखे हजारो जण असेच घरी बसतात. प्रत्येकाचे थोडे बुडते, कंपनीचे मात्र पोत्याने जमते.

यावर अमेरिकेत एक तोड आहे. तिचे नाव 'क्लास अॅक्शन'. आपण 'समूह दावा' म्हणू. एकजण किंवा दोघे-चौघे पुढे होतात आणि म्हणतात, "आम्ही आमच्यासाठी आणि आमच्यासारख्या सर्वांसाठी हा दावा लावतो." असा दावा नुसते म्हणून होत नाही. न्यायाधीशाला चार गोष्टी पटाव्या लागतात.

पहिली, लोक इतके आहेत की सगळ्यांना वेगवेगळे उभे करणे अवघड आहे.

दुसरी, सर्वांचा प्रश्न एक आहे. उदाहरणार्थ, सर्वांच्या करारात तेच कलम आहे.

तिसरी, पुढे झालेल्याचे दुखणे आणि बाकीच्यांचे दुखणे सारखे आहे.

चौथी, पुढे झालेला माणूस आणि त्याचा वकील सर्वांचे हित नीट सांभाळतील.

पैशाच्या भरपाईचा दावा असला की, सर्वांचा प्रश्न हाच मुख्य आहे ना, हेही बघतात. न्यायालयाने मान्यता दिली की समूहातल्या लोकांना कळवतात. ज्याला त्यात राहायचे नाही, तो बाहेर पडू शकतो. बाकी सर्वांना निकाल बांधतो. हे नियम आजच्या रूपात १९६६ पासून आहेत.

गल्ल्यावरच्या उचलीबद्दल असे दावे न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया इत्यादी ठिकाणच्या न्यायालयांत लागले आहेत. काही कंपन्यांवर, काही दलालांवरही. काही दाव्यांत १९७० सालच्या एका केंद्रीय कायद्याचा आधार घेतला जातो. तो कायदा मुळात टोळीच्या गुन्हेगारीविरुद्ध केला. पण कायदेशीर दराच्या दुपटीने किंवा त्याहून जास्त व्याज घेण्याचा धंदा करून वसुली करणे, हेही त्यात बसते. दावा सिद्ध झाला तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते.

वाटेतली धोंड

पण मंडळी, कंपन्यांचे वकीलही झोपलेले नसतात. करारात बारीक अक्षरांत एक कलम घालतात : "मी इतरांबरोबर मिळून दावा लावणार नाही. भांडण झालेच तर एकट्याने, खाजगी पंचापुढे." ज्याने सही केली, त्याने एकीचे हत्यार स्वत:च्या हाताने खाली ठेवले.

असे कलम चालते काय? जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. कॅलिफोर्नियातली 'इटालियन कलर्स' नावाची खानावळ आणि तिच्यासारखे इतर व्यापारी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला 'अमेरिकन एक्स्प्रेस' ही कार्डांची बलाढ्य कंपनी. भांडण उचलीचे नव्हते, कार्डावर लागणाऱ्या फीचे होते. व्यापारी म्हणाले, "तज्ज्ञाकडून पुरावा तयार करायचा तर लाखो डॉलर लागतील. आणि एकट्याला मिळणार जास्तीत जास्त १२,८५० डॉलर. तिप्पट धरले तरी ३८,५४९. मग एकटा कोण लढणार?"

न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. करार तो करार, एकट्याला लढणे परवडत नाही म्हणून कलम रद्द होत नाही, असे बहुमताने ठरले. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांनी यावर कडक टीका केली. पण निकाल बहुमताचाच लागतो.

त्यामुळे समूह दावा ही मोठी शक्ती खरी, पण ती सहीच्या दिवशीच हातातून जाऊ शकते. म्हणून आम्ही म्हणतो, न्यायालयाची पहिली पायरी कचेरीत नाही. ती सही करायच्या मेजावर आहे.

सरकारी वकील पुढे आले

समूह दाव्याची वाट अडली तरी सर्व वाटा बंद होत नाहीत. कारण दुकानदाराने सही केली, सरकारने केलेली नाही. तिकडे प्रत्येक राज्यात जनतेच्या वतीने दावा लावणारा एक मोठा अधिकारी असतो. त्याला 'अॅटर्नी जनरल' म्हणतात. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी मार्च २०२४ मध्ये 'यलोस्टोन कॅपिटल' या कंपनीवर आणि तिच्याशी संबंधित मंडळींवर दावा लावला. उचल म्हणून दिलेले पैसे हे खरे तर कर्ज होते आणि काही ठिकाणी व्याज वर्षाला शेकडा ८२० पर्यंत पडत होते, असे त्यांचे म्हणणे होते.

जानेवारी २०२५ मध्ये कंपनीबरोबर तडजोड जाहीर झाली. एकूण रक्कम १०६ कोटी ५० लाख डॉलर. १८,००० पेक्षा जास्त लहान व्यावसायिकांच्या नावावर उरलेले ५३ कोटी डॉलरहून अधिक देणे माफ झाले.

ही फार मोठी गोष्ट झाली. पण शिक्षकाने अर्धी गोष्ट सांगून थांबू नये. ताबडतोब रोख भरायचे ठरले ते १ कोटी ६१ लाख डॉलर. एकूण आकड्याच्या मानाने हे किती? शंभरात दीड. हुकूमनामा आणि वसुली यांत मोठे अंतर असते. ज्यांची दुकाने मधल्या काळात बंद पडली, त्यांची भट्टी काही पुन्हा पेटली नाही. न्याय मिळतो, पण उशिरा आणि थोडा. म्हणून आधीची सावधगिरी ही नंतरच्या निकालापेक्षा स्वस्त.

कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी आता असे नियमही केले आहेत की, अशी उचल देताना वर्षाचा दर शेकड्यात लिहून दुकानदाराला दाखवलाच पाहिजे. कॅलिफोर्नियात हे डिसेंबर २०२२ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाले.

आपल्याकडे काय?

कागदाच्या पोटात शिरून हिशेब बघायचा, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी जमले. त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. तो दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. पुष्कळांना अटक झाली. पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहार पहिल्यापासून तपासावा, असे त्या कायद्यात घातले. न्यूयॉर्कचे तीन प्रश्न त्याच जातीचे आहेत.

आज महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुने लोक याला 'दामदुप्पट' म्हणत. सावकाराविरुद्धची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे करता येते. सहकारी संस्थांचे काम पाहणारे तेच हे अधिकारी.

बँकांना आणि कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात. आपल्याकडेही आता दुकानातल्या क्यूआर कोडवर जमणाऱ्या पैशांतून रोज हप्ता कापून घेणारी कर्जे मिळतात. मोबाइलवरूनही कर्ज मिळते. सगळेच वाईट असते असे नाही. पण तुमचे हक्क ठाऊक असू द्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना आणि लहान उद्योगांच्या मुदतकर्जांना एक नियम लागू झाला. कर्ज देणाऱ्याने ठळक माहितीचा एक कागद आधी द्यायचा. त्याचे नाव 'की फॅक्ट स्टेटमेंट'. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असला पाहिजे. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. म्हणजे तुम्ही हक्काने सांगू शकता, "साहेब, आम्हांला मराठीत द्या."

तक्रार असेल तर आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही.

मिळून दावा लावायची सोयही आपल्या कायद्यात आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पहिल्या आदेशाचा आठवा नियम तोच आहे. पुष्कळांचे हित एकच असेल तर न्यायालयाच्या परवानगीने एकजण सर्वांसाठी उभा राहू शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकांना अशी एकत्र तक्रार जिल्हा आयोगापुढे त्याच्या परवानगीने करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तालुका विधी सेवा समितीतर्फे फुकट वकील मिळू शकतो.

सही करण्यापूर्वी

तुम्ही नुकतेच अक्षर शिकलात. बोटाची शाई गेली, हातात लेखणी आली. याचा आम्हांला फार आनंद आहे. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत काही फरक नाही. उलट सही जास्त बांधते, कारण समोरचा म्हणतो, "यांना वाचता येत होते." तेव्हा या सहा गोष्टी पाठ करा.

१. हातात किती येणार आणि एकूण किती द्यायचे, हे दोन आकडे पाटीवर शेजारी शेजारी लिहा.

२. किती दिवसांत फेडायचे, ते खाली लिहा. वर्षाचा दर विचारा. जो दर सांगत नाही, त्याच्यापासून दूर राहा.

३. विक्री किंवा पीक बुडाले तर काय, हे विचारा. उत्तर कागदात दाखवायला सांगा.

४. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. 'मी आधीच कबूल आहे' अशा मजकुरावरही करू नका.

५. कागदाची नक्कल घरी आणा. रात्रभर ठेवा. दुसऱ्या कोणाकडून तरी वाचवून घ्या. "आजच सही करा, नाहीतर संधी गेली," असे जो म्हणतो, त्याचीच घाई असते, तुमची नसते.

६. फसगत झाली तर लाजेने गप्प बसू नका. गावात विचारा. तुमच्यासारखे आणखी चार निघतील. तिकडच्या दुकानदारांनाही एकमेकांचे कागद ताडून पाहिल्यावरच कळू शकते की कलम सर्वांचे एकच आहे. एकीची सुरुवात तिथून होते.

शब्दांचे अर्थ

उचल : कामाच्या किंवा कमाईच्या आधी घेतलेले पैसे.
मुद्दल : मूळ घेतलेली रक्कम.
दलाल : दोघांची गाठ घालून मोबदला घेणारा.
हुकूमनामा : न्यायालयाचा लेखी निर्णय.
रद्दबातल : ज्याला कायद्यात किंमत नाही असा.
तडजोड : दोन्ही बाजूंनी मिळून केलेला मिटवामिटवीचा करार.

प्रश्न

१. बागेच्या खरेदीत गारपिटीचे नुकसान कोणाचे? ते मालकावर टाकले तर तो व्यवहार कोणता होतो?
२. न्यायालयाने विचारलेले तीन प्रश्न आपल्या शब्दांत सांगा.
३. समूह दाव्याला कोणत्या चार गोष्टी लागतात?
४. गणित : एका चहावाल्याला २०,००० रुपये मंजूर झाले. १,००० रुपये फी कापली. त्याला रोज ३०० रुपये असे ८० दिवस भरायचे आहेत. त्याच्या हातात किती आले? तो एकूण किती देणार? वरचे किती झाले? उत्तर वहीत लिहा आणि घरातल्या माणसांना समजावून सांगा.

हे गणित ज्याला घरी समजावून सांगता आले, त्याला हा धडा आला असे आम्ही समजू.